कारागिरानं नाव कुठं लिहिलं?

वेरूळ-अजिंठ्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, की आपल्या जुन्या कारागिरांना अहंकार नव्हता, म्हणून त्यांनी कुठंच नाव कोरलं नाही, कला म्हणजे त्यांची पूजा होती. ऐकायला छान वाटतं, मलाही बरीच वर्षं खरं वाटायचं. पण मराठवाड्यातलेच पुरावे बघत गेलं की हे एवढं सरळ नाही हे लक्षात येतं.

कन्नड तालुक्यातली पितळखोऱ्याची लेणी घ्या. अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. तिथं एक यक्ष सापडला, बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर भांडं धरलेला आणि तोंडभर हसणारा. त्याच्या तळहाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मीत कोरलंय की ही मूर्ती कण्हदास सोनारानं केली. सोनार! दागिने घडवणाऱ्या हातानं दगड घडवला आणि त्यावर आपलं नावही टाकलं आणि धंदाही. त्याच लेण्यांत खांबाचं दान देणाऱ्या पैठणच्या मितदेवाचं नाव आहे, तो अत्तर-सुगंधी वस्तूंचा धंदा करणाऱ्या घराण्यातला. म्हणजे पैसे देणारा आणि घडवणारा, दोघांचीही नावं एकाच डोंगरात आहेत.

मग मधे पाच-सहाशे वर्षं जातात आणि अजिंठ्यात दुसरा मोठा कामाचा काळ येतो, वाकाटक राजा हरिषेणाचा. सोळा नंबरच्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, सव्वीस नंबरमधे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा. बुद्धभद्र तर स्पष्टच म्हणतो, की जगात जोवर माणसाची आठवण टिकते तोवर तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकेल अशी कीर्ती डोंगरात उभी करावी. नावाची ओढ भिक्षूलाही होती आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. काम कुणी बघितलं त्यांचीही नावं त्या लेखात आहेत, पण एक नंबरच्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, ते खाली झुकलेले डोळे, ते ज्यानं रंगवलं त्याचं नाव काही आपल्याला माहीत नाही. त्यानं ते नको म्हटलं असेल असं आपण कशावरून ठरवायचं? लेखात कुणाची नावं जाणार हे रंगवणारा ठरवत नव्हता एवढं तर दिसतंच.

वेरूळच्या कैलासाबद्दल एक ताम्रपट आहे, बडोद्याला सापडलेला, इ.स. ८१२-१३ च्या सुमाराचा. त्यात लिहिलंय की हे देऊळ बघून देवही चकित झाले आणि ज्यानं बांधलं तो शिल्पी स्वतःच म्हणाला, अरे, हे मी केलं तरी कसं! मला हे फार आवडतं. हे देऊळ डोंगर वरून खाली फोडत आणलेलं आहे, एकदा छिन्नी चुकली की गेलेला दगड परत येत नाही, त्यामुळं तिथं हात आणि मन दोन्ही स्वच्छ लागतं. पण शिल्पीचा आश्चर्याचा उद्गार नोंदवणाऱ्या त्या ताम्रपटात त्याचं नाव मात्र नाही.

खरा बदल होतो तो वारकरी संतांच्या काळात, आणि तोही आपल्याच भागात. तेरला गोरोबाकाका, गंगाखेडची जनाबाई, नर्सीचे नामदेव. कुंभार, दासी, शिंपी. हे लोक अभंगाच्या शेवटी नाव घालतात, आणि गोरोबांच्या अभंगात तर नावाबरोबर कुंभार हे कामही येतं. नाव लावलं म्हणून त्यांची भक्ती कमी झाली असं कुणी म्हणत नाही, मग शिल्पीनं नाव कोरलं तर ती कला कमी पवित्र का व्हावी?

तेरची थापटण्याची, म्हणजे कुंभार मडकं ठोकतो त्या लाकडी साधनाची, गोष्ट सगळ्यांना माहितीय. संत जमले होते, मुक्ताबाई म्हणाली काका, यातलं कोणतं मडकं कच्चं ते बघा, आणि गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले, मग कच्चे ठरले आणि पुढं औंढ्याला विसोबा खेचरांना गुरू करायला गेले. माणसाचा स्वभाव तपासायला कुंभाराच्या हातातलंच साधन वापरलं जातं, हे मला फार मोलाचं वाटतं. याच गोरोबांची चिखल तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली गेल्याची कथाही आहे. परंपरेनं ती लपवली नाही, त्या आईचा आक्रोशही सांगितला. कामात किंवा भक्तीत हरवून जाणं म्हणजे आपोआप चांगुलपणा नव्हे, घरातल्यांनाही त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या कथेत सरळ दिसतं.

आता पैठणला या. खऱ्या हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी मागून-पुढून सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा हातानं गुंतवलेला असतो आणि उलट्या बाजूला कसर लपवायला जागाच राहत नाही. भरलेल्या पदराला महिनेच्या महिने जातात. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं, त्यामुळं गावाच्या नावाचं रक्षण होतं. पण साडीच्या खोक्यावर दुकानाचं नाव असतं, बिलावर दुकानाचं नाव असतं, आणि मागावर बसलेल्या बाईचं नाव विचारायचं गिऱ्हाइकाच्या मनातही येत नाही. मानांकनाच्या चिठ्ठीवर एक ओळ तिच्या नावासाठी ठेवायला काय हरकत आहे?