दारू सुटल्यानंतरची पायांची भगभग

वर्षानुवर्षं दारू प्यायल्याने पायांच्या नसा म्हणजे संवेदना नेणारे मज्जातंतू खराब होतात आणि तळपायात आग, मुंग्या, बधिरपणा, रात्रीच्या चमका सुरू होतात, दारू सोडली तरी हे महिनोन्‌महिने जात नाही, त्या त्रासाची आणि तो अंगावर काढत दिवस कसे ढकलायचे याची ही नोंद आहे. डॉक्टरी नाव अल्कोहोलिक न्यूरोपॅथी. सोलापुरात मराठी घरात 'पाय लई भगभगतात' म्हणतात, तेलुगू घरात 'मंटलु' आणि 'तिम्मिरि', कन्नड घरात 'उरि' आणि 'जोमु', आणि पेशंट या चार शब्दांपैकी कुठला वापरतो याकडे नीट कान दिला तर अर्धं निदान तिथंच होतं, कारण मंटलु-उरि म्हणजे आग आणि तिम्मिरि-जोमु म्हणजे मुंग्या-बधिरपणा, दोन्ही वेगळे. जळवात मात्र यात धरू नये, त्यात कातडीला भेगा पडतात. इथं कातडी वरून बऱ्याचदा अगदी धड दिसते आणि त्यामुळेच घरच्यांना वाटतं की माणूस उगाच कण्हतोय.

हा त्रास दोन्ही पायांना सारखाच होतो आणि बोटांपासून सुरू होऊन वर चढतो, मोजा घातल्यासारखा. कारण सरळ आहे, शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, कंबरेजवळच्या पेशीतून मीटरभर लांब धाग्याला माल पुरवायचा असतो, पुरवठा तुटला की आधी टोक मरतं. एकाच पायाला, अचानक, अंगठा लाल होऊन सुजला तर तो बहुतेक युरिक ॲसिडचा गाऊट असतो. नशेत वेडंवाकडं झोपून गुडघ्याजवळची नस दबली आणि सकाळी एक पाऊल लोंबायला लागलं तर ती नस दबण्याची केस आहे, तीही वेगळी.

जुन्या ग्रंथांत याचा माग काढायचा तर सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'पाददाह' आणि 'पादहर्ष' असे दोन विकार आहेत. पित्त आणि रक्त यांच्यासोबत वात बिघडला की तळपायाची आग होते, विशेषतः चालल्याने, हा पाददाह. आणि मुंग्या-बधिरपणा हा पादहर्ष. म्हणजे वर सांगितलेली मंटलु-तिम्मिरि ही फोड तिथंही आहे. संहितेचा काळ इसवी सनाआधीच्या शतकांपासून ते इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत कुठंही धरला जातो, टप्प्याटप्प्याने भर पडत गेली हे मत जास्त पटण्यासारखं आहे. पण त्या श्लोकात मद्याचा संबंध जोडलेला नाही, तेव्हा 'आयुर्वेदात हा रोग होताच' असं सरळ म्हणू नये.

दारूशी संबंध पहिल्यांदा स्पष्ट लिहिला तो साधारण 1780 च्या दशकात लंडनच्या जॉन कोकली लेट्समने. पाय वाळत जातात, कातडी हस्तिदंतासारखी गुळगुळीत होते, तळवे इतके हळवे होतात की नुसतं बोट टेकलं तरी पेशंट ओरडतो, असं त्याचं वर्णन आहे आणि आजही त्यात फारसा बदल करावा लागत नाही. बोस्टनच्या जेम्स जॅक्सनने 1822 मध्ये यावर स्वतंत्र लेख लिहिला. स्वीडनच्या मॅग्नस हुसने 1849 मध्ये दारूच्या दीर्घ आजाराला एकत्र नाव दिलं तेव्हा पायांचा त्रास त्यात आलाच.

खरा वाद पुढचा, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही: नस दारूने जळते की दारूमुळे पोटात अन्न जात नाही म्हणून जळते? बेरीबेरी हा पॉलिश तांदळाचा आजार थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो हे कळल्यावर, 1928 मध्ये शॅटक याने दारुड्याची न्यूरोपॅथी म्हणजे बेरीबेरीच असावी असं सुचवलं. 1935 मध्ये मॉरिस स्ट्रॉसने दहा पेशंटांना दवाखान्यात रोजची व्हिस्की चालू ठेवूनच चांगलं जेवण आणि बी जीवनसत्त्वं दिली आणि त्यांचे पाय सुधारले. या एका कामावर पुढची चाळीसेक वर्षं वैद्यकाने भिस्त ठेवली. पटण्यासारखं होतंही, कारण शरीरात थायमिनचा साठा जेमतेम 30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत संपणारा, आणि दारू आतड्यातून ते शोषू देत नाही, लिव्हरमध्ये साठू देत नाही आणि असलेलं वापरूही देत नाही.

दुसऱ्या बाजूने 1977 मध्ये डेन्मार्कमध्ये बेझे आणि बुख्थाल यांनी धडधाकट खाऊन-पिऊन असलेल्या दारुड्यांच्या नसा तपासल्या, त्याही तशाच खराब निघाल्या. 1995 मध्ये स्पेनमधल्या एका गटाला आयुष्यभरात एकूण किती दारू पोटात गेली त्या हिशोबात नसांचं नुकसान दिसलं. आणि 2001 व 2003 मध्ये जपानच्या कोइके यांनी थायमिन नॉर्मल असलेले आणि थायमिन कमी असलेले पेशंट वेगळे काढून नसेचे तुकडेच मायक्रोस्कोपखाली बघितले. थायमिनच्या कमतरतेत मोठे धागे मरतात, अशक्तपणा आधी येतो आणि झपाट्याने येतो. नुसत्या दारूत बारीक धागे मरतात, आग-वेदना आधी येते आणि ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. प्रत्यक्षात बहुतेकांमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, पण दारू स्वतः नसेला विष आहे याकडे पुराव्याचं पारडं झुकलेलं आहे.

हा वाद इतका लांबवून लिहिला कारण त्याच्यावर माणसाचे पाय अवलंबून आहेत. स्ट्रॉसचं मत गल्लीत उतरलं ते 'ताकदीचं इंजेक्शन' होऊन. दर महिन्याला बी-ट्वेल्वची लाल सुई टोचून घ्यायची आणि संध्याकाळी परत क्वार्टर, असं करणारी माणसं सोलापुरात कमी नाहीत, आणि त्यांचे पाय सुधारत नाहीत. दुसरा गैरसमज असा की हा हातभट्टीतल्या 'केमिकल'चा प्रताप आहे, चांगली विदेशी घेणाऱ्याला होत नाही. हातभट्टीतलं मिथेनॉल डोळ्याची नस मारतं, जीवही घेतं, ते खरं, पण पायाची नस मारायला शुद्ध इथेनॉल पुरतं, मग ते देशी असो नाहीतर महागड्या बाटलीतलं. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवरची भट्टी बंद करून लोकांना दुसरा धंदा लावून देण्यासाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 पासून 'ऑपरेशन परिवर्तन' चालवलं, काम मोलाचंच, पण पायाच्या दृष्टीने भट्टी आणि बार यात फरक नाही.

भारतात 'बर्निंग फीट' नावाची एक वेगळी ओळही चालत आली. ग्रियर्सनने 1826 च्या सुमारास इथल्या लोकांच्या तळपायाच्या आगीचं वर्णन केलं आणि 1946 मध्ये कुन्नूरला सी. गोपालन यांनी तोच त्रास कुपोषणाशी, विशेषतः पँटोथेनिक ॲसिडच्या कमतरतेशी जोडला. दोघांची नावं जोडून हा सिंड्रोम ओळखला जातो. तो मुख्यतः भुकेचा आजार, दारूचा नाही, पण उपाशीपोटी पिणाऱ्याला दोन्ही एकदम होऊ शकतात.

सोडल्यावर का वाढतं

हीच गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. माणूस माळ घालतो, पंढरपूरला शपथ घेतो, किंवा व्यसनमुक्तीत महिना काढून येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाय पूर्वीपेक्षा जास्त भगभगायला लागतात. मग कोणीतरी म्हणतंच, 'सवयीचं शरीर आहे, एकदम सोडली म्हणून झालं.' तसं नाही. दारू वेदना दाबते, ती उतरली की आधीपासून असलेली आग उघडी पडते, शिवाय सोडल्यानंतर काही आठवडे मेंदू वेदनेला जास्तच हळवा असतो आणि झोप उडालेली असते. आणखी असं की बधिर पडलेले धागे परत वाढायला लागले की वाढणारं टोक आधी झिणझिण्या आणि चटकेच देतं. नस साधारण दिवसाला 1 मिलिमीटर वाढते, महिन्याला 3 सेंटिमीटर, म्हणजे पोटरीपासून बोटापर्यंत यायलाच वर्ष जातं. परत येण्याचा क्रम वरून खाली असतो, नडगी आधी, घोटा मग, अंगठा सगळ्यात शेवटी. हलका त्रास बऱ्याचदा पुष्कळ कमी होतो, खूप जुना असेल तर काही बधिरपणा कायम राहतो, पण दारू बंद असेल तर पुढचं नुकसान थांबतं. याच वेदनेपायी परत बाटली हातात येते, म्हणून घरच्यांनी तिला नाटक समजू नये, अगदी कळकळीने सांगण्यासारखं हेच आहे.

एकच अपवाद नीट ध्यानात ठेवावा. रोज भरपूर पिणाऱ्याने घरात बसून एकदम सोडू नये, दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. बडबड, डोळे तिरके होणं, चालताना झोक जाणं असं दिसलं तर थायमिन शिरेतून लगेच लागतं, तेव्हा रात्र असो की पहाट, सिव्हिल गाठावं.

दुसरी गोष्ट डायसल्फिरामची. दारू सोडवायची ही गोळी स्वतःच क्वचित नसांना इजा करते, विशेषतः जास्त डोस महिनोन्‌महिने घेतला तर. काही घरांत बायका-आया ती चोरून चहात घालतात, कारण दुसरा मार्ग दिसत नाही, त्यांचा जीव किती मेटाकुटीला आलेला असतो ते समजतं, पण त्यावर दारू पडली तर जिवावर बेततं, आणि पाय बिघडले तर डॉक्टरला गोळी चालू आहे हेच माहीत नसतं. पायांचा त्रास सोडल्यानंतरच सुरू झाला असेल तर ही गोळी, टीबीचं आयसोनायझिड, खूप दिवस घेतलेलं जुलाबावरचं मेट्रोनिडॅझोल, हे सगळं आठवून सांगावं. सोबत शुगर, बी-ट्वेल्व, थायरॉइड तपासून घ्यावं, कातडीवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी. बिडी-तंबाखूवाल्याचे पाय थंड पडत असतील, चालताना पोटरी धरत असेल आणि थांबलं की सुटत असेल, तर नस नाही, रक्तवाहिनी बघायला हवी.

रात्र

दुखणं रात्री वाढतं, आणि सोलापूरची जाड चादर, जी एरवी घराघराची शान, तिचं वजनच अंगठ्यावर सोसत नाही. त्यावर घरगुती तोड अशी की पायथ्याला एक लहान पाट उभा करायचा किंवा पुठ्ठ्याचा खोका उपडा ठेवायचा आणि चादर त्याच्यावरून सोडायची, म्हणजे पायाभोवती पोकळी राहते, पाय झाकलेले पण कशालाच न टेकलेले. मे महिन्यात पारा 43-44 ला जातो तेव्हा बरेच जण अर्ध्या रात्री उठून तळवे शहाबादी फरशीवर टेकून भिंतीला बसलेले असतात. गार फरशी चालेल, पाच-दहा मिनिटं साध्या पाण्याची बादलीही चालेल, पण बर्फ नको, आणि तासन्‌तास पाय पाण्यात नको, कातडी मऊ पडून चिरते. गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको, बधिर पायाला चटका कळत नाही, फोड सकाळी दिसतो. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासण्याची पद्धत आहे, हलक्या हाताने घासलं तर आराम पडतो, 'उष्णता निघते' म्हणून वाटी काळी होईपर्यंत रगडायची गरज नाही, तो काळेपणा धातूचा असतो.

औषधांत प्रीगॅबलिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही नेहमीची. लिव्हर खराब असेल तर ड्युलॉक्सेटिन टाळतात. प्रीगॅबलिनची सवय लागू शकते आणि चक्कर येऊन पडायला होतं, त्यामुळे दुकानातून स्वतःच वाढवत नेऊ नये. थायमिन आणि बी-ट्वेल्व डॉक्टर सांगतील तसं, पण 'जास्त घेतलं तर लवकर बरं' हे बी-सिक्सच्या बाबतीत उलटं आहे, ते जास्त डोसात खूप दिवस घेतलं तर स्वतःच न्यूरोपॅथी करतं.

जेवणाचं फार लिहायला नको, सोलापूरच्या ताटात ते आहेच: ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, हुलगे-मटकी. थायमिन यातून मिळतं. बी-ट्वेल्व मात्र दूध, दही, अंडी, मटण यातूनच, माळकरी माणसाने दूध-दह्यावर भर द्यावा आणि तपासणी करून घ्यावी.

पायाची निगा आणि अनवाणी वाट

रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, आरसा खाली धरून तळवा बघायचा. चप्पल एमसीआरची म्हणजे मऊ रबराची, मागे पट्टा असलेली, कारण बधिर पायातून साधी चप्पल कधी निसटली ते कळत नाही, माणूस एका पायात चप्पल घालून नवी पेठ हिंडून येतो. पॉवरलूमवर उभ्याने पाळी करणाऱ्याने तासातासाला पाय हलवावेत, जमिनीवर पडलेले धातूचे तुकडे-तारा हा तिथला मोठा धोका. अंधारात तोल जातो, म्हणून संडासच्या वाटेवर लाइट चालू ठेवावी.

मदतीसाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, मनाचं फारच बिघडलं तर टेलिमानस 14416. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा मराठीत चालतात.

राहिला नवसाचा प्रश्न. दारू सुटली की तुळजाभवानी आईला चालत येईन असं बोललेलं असतं, आणि कोजागरीला सोलापूरहून तुळजापूर जवळजवळ 45 किलोमीटर, तेही अनवाणी. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजासोबत चालणाऱ्यांचंही तसंच. ज्याला तळव्याखाली खडा लागलेला कळत नाही त्याच्यासाठी हे चालणं म्हणजे जखम, जखमेतून हाडाचं इन्फेक्शन, आणि कधी बोट कापायची वेळ. अनुभवी मंडळी यातून मार्ग काढतात: एसटीने तुळजापूर गाठायचं, शेवटचा थोडाच टप्पा बुटात चालायचा, जोडे फक्त महाद्वारापाशी काढायचे, आणि पायऱ्या उतरताना सोबतच्याचा खांदा धरायचा. बाहेर आल्यावर कडेला बसून सोबतच्याने दोन्ही तळवे बॅटरीच्या उजेडात बघायचे, तेवढ्या अंतरातही काच लागलेली असू शकते.