भंगारातला लेसर डायोड आणि खारी हवा

चिपळूण-कुडाळकडे भंगारात जुने डीव्हीडी रायटर अजून मिळतात. त्यातला लाल डायोड साधारण 650 ते 660 नॅनोमीटरचा. सीडीसाठीचा 780 चा असतो. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणूनच जास्त घातक. लालच घ्या. काढण्याआधी त्याच्या तिन्ही पायांभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळा, म्हणजे स्थिर विजेपासून तो वाचेल.

या डायोडला व्होल्टेज नव्हे, करंट मोजून द्यायचा असतो. तो तापला की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. त्यासाठी एलएम 317 हा तीन पायांचा रेग्युलेटर पुरतो. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये रेझिस्टर घाला, डायोडला पुरवठा अ‍ॅडजस्टच्या पायावरून घ्या. 1.25 ला ओहमने भागलं की अँपिअर मिळतात: 27 ओहमला 46 मिलिअँपिअर, 18 ला 69, 15 ला 83. सुरुवात 27 ने करा. लेसर सुरू होण्यापुरता करंट, म्हणजे उंबरठा, ओलांडला की मंद लाल उजेडाचा एकदम प्रखर ठिपका होतो. बॅटरी 7.4 व्होल्टची. आधी लेसर डायोडच्या जागी 1एन4007 चे तीन डायोड आणि 1 ओहमचा रेझिस्टर एका ओळीत जोडून पाहा. त्या रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट दिसतील, तितके मिलिअँपिअर.

किनाऱ्यावर डायोड मरतात ते बहुतेक सैल जोडणीने. खाऱ्या हवेत क्लिपवर हिरवा थर चढतो आणि संपर्क क्षणभर तुटतो. तेवढ्यात रेग्युलेटरकडचा कपॅसिटर जवळजवळ बॅटरीइतका भरतो, आणि संपर्क परत जुळताच सगळा डायोडमध्ये रिकामा होतो. डायोडच्या आतल्या चिपच्या टोकाचा सूक्ष्म आरसा जळतो. मग डायोड एलईडीसारखा मिणमिणतो, किरण मात्र येत नाही, आणि यावर उपाय नाही. म्हणून क्लिप नकोच, सोल्डरच करा. 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर थेट डायोडच्या पायांवर बसवा, शेजारी 1एन4148 हा साधा डायोड उलटा लावा, आणि गुंडाळलेली तार सगळ्यात शेवटी काढा. प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध बदलायचा रेझिस्टर, तोही टाळा, पावसाळ्यात त्याचा सरकता संपर्क दगा देतो.

रायटरचा डायोड कायमची दृष्टी घालवू शकतो. त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा. गॉगल चालत नाही. ओल्या लादीवरून परतलेला किरणही धोक्याचाच.

आता या किरणाने पाण्याचा गढूळपणा जोखू. काळ्या कागदाने मढवलेल्या बंद खोक्यात वहाळाच्या गढूळ पाण्याचा ग्लास ठेवून किरण सोडा, आणि किरणाच्या काटकोनात एलडीआर, म्हणजे उजेड पडला की रोध उतरणारा रेझिस्टर, बसवा. गाळ जितका जास्त, तितका प्रकाश विखुरतो आणि एलडीआरचा रोध उतरतो. तेच पाणी रात्रभर निवळू देऊन सकाळी वरचं घेतलंत, तर मीटरवरचा आकडा चढलेला दिसेल.