फिल्टर चोक की लाईनने धरलेली हवा? जुन्या डिझेल पिकअपमधले दोन सारखे वाटणारे बिघाड

रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढणाऱ्या जुन्या पिकअपची नेहमीची तक्रार अशी असते. सपाटीला गाडी बरी चालते. चढ लागला की दम तोडते, दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नाही आणि आचके देत बंद पडते. थोडं थांबून सेल्फ मारला की परत चालू होते. यावर पहिला सल्ला ठरलेला: डिझेल फिल्टर बदला. कधी तो बरोबर निघतो. पण बऱ्याचदा नवा फिल्टर टाकूनही दोन दिवसांत तीच रड परत येते. मग पंप उतरवणं, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) टेस्टिंगला पाठवणं असा मोठा खर्च सुरू होतो आणि मूळ दोष एखाद्या शंभर रुपयांच्या रबरी पाईपमध्ये तसाच राहतो.

ही लक्षणं इतकंच सांगतात की नोझलला डिझेल देणाऱ्या मुख्य पंपाला डिझेल कमी पडतंय. का कमी पडतंय, याची दोन वेगळी कारणं असतात. पहिलं म्हणजे वाट अडलेली असणं: फिल्टर, टाकीतली जाळी किंवा पाईप चोक होणं. दुसरं म्हणजे वाट मोकळी असूनही डिझेलबरोबर बाहेरची हवा ओढली जाणं. पंपाचा प्लंजर (दट्ट्या) हवेवर दाब देतो तेव्हा हवा फक्त आकसते. नोझल उघडायला लागणारा दोनशे बारच्या आसपासचा दाब तयारच होत नाही आणि तो सिलिंडर मिस मारतो.

हवा सापडायला अवघड जाते, कारण ती जिथून शिरते ती जागा बहुधा कोरडी असते. टाकी चॅसिसला खाली, इंजिन वर. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) लाईन ओढीखाली, म्हणजे व्हॅक्यूममध्ये चालते. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, त्यामुळे तिथली फट ओली दिसते. म्हणून 'कुठेही लीकेज नाही' असं नुसतं बघून सांगणाऱ्यावर विसंबू नका. ओलं ठिकाण सापडलं नाही, तर संशय ओढीच्या बाजूवर जास्त घ्यायचा.

आपल्या गाडीत फिल्टर कुठे आहे ते आधी पाहून घ्या. इनलाईन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या) जुन्या गाड्यांमध्ये क्रम बहुधा टाकी, फीड पंप, फिल्टर, मग मुख्य पंप असा असतो, म्हणजे फिल्टर दाबाखाली. रोटरी पंपाच्या (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटतो अशा) ज्या गाड्यांमध्ये वेगळा फीड पंप नसतो, तिथे मुख्य पंपच टाकीतून थेट ओढतो आणि फिल्टरही व्हॅक्यूममध्ये येतो. अशा गाडीत फिल्टरचा वायसर नीट बसला नाही तर थेंबभरही डिझेल न गळता हवा शिरत राहते. फिल्टर बदलल्यावर गाडी आणखी बिघडते ती यामुळेच: जुना वायसर परत वापरलेला असतो, किंवा जुना वरच्या हेडला चिकटून राहिलेला असतो आणि त्याच्यावर नवा बसवलेला असतो.

आता दोघांची लक्षणं. चोक असलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन गुळगुळीत चालतं, कारण तिथे डिझेल थोडंच लागतं. त्रास होतो तो लोडवर, जास्त रेसवर आणि लांब चढावर, आणि दर वेळी साधारण त्याच ठिकाणी. हवेचं उलटं असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लांब सेल्फ मागते, कारण शिरलेल्या हवेमुळे लाईनमधलं डिझेल टाकीकडे उतरून गेलेलं असतं. चालू झाल्यावर मिस मारते, पांढरट धूर सोडते, स्लोवर आवाज वरखाली होतो. दिवसभर बरी चालली तरी टाकी पाव भागावर आली की, किंवा वळणावर डिझेल एका बाजूला गेलं की परत आचके देते. डिझेल कमी असतानाच त्रास होत असेल तर टाकीतल्या ओढपाईपला वरच्या भागात भोक किंवा चीर पडल्याची शक्यता मोठी आहे. पातळी त्या भोकाखाली गेली की पाईप डिझेलऐवजी हवा ओढतो.

धुराकडेही बघा. दम नाही आणि एक्झॉस्टमधून काळा धूर भसाभस येतोय, तर डिझेल कमी पडत नाहीये. एअर क्लीनर, टर्बो किंवा नोझल तपासा, या लेखातल्या तपासण्यांत वेळ घालवू नका.

या दोन दोषांत खरा घोळ होतो तो त्यांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधामुळे. टाकीतली जाळी अर्धी बुजली की पंपाला जास्त जोर लावून ओढावं लागतं आणि लाईनमधला व्हॅक्यूम वाढतो. एरवी हवा न घेणारा जुना कडक झालेला पाईप किंवा सैल क्लिप मग हवा घेऊ लागते. चोकमधूनच हवा जन्माला येते. शिवाय व्हॅक्यूम फार वाढला तर डिझेलमध्ये विरघळलेली हवासुद्धा बुडबुडे होऊन बाहेर पडते, म्हणजे एकही फट नसताना बुडबुडे दिसतात. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी वाट मोकळी करायची, मग हवा शोधायची. उलट्या क्रमाने गेलं तर प्रत्येक जॉइंट दोषी वाटतो.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा, कारण त्याला पाना लागत नाही. गाडी दम तोडत असताना बाजूला घ्या आणि झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा मोठा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं श्वास घ्यायचं भोक चिखलाने बुजलं आहे. कितीतरी फिल्टर या एका भोकापायी फुकट बदलले जातात.

मग फिल्टरखालचा ड्रेन प्लग सैल करून काचेच्या बरणीत साधारण पाव लिटर डिझेल काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असतं, ते तळाशी वेगळं दिसतं. तपकिरी गाळ किंवा काळा चिकट थर आला तर टाकी आतून गंजली आहे किंवा घाण झाली आहे. किनारपट्टीच्या गाड्यांमध्ये पावसाळ्यानंतर हे हमखास होतं, त्यात टाकी अर्धी ठेवायची सवय असेल तर आणखी, कारण रिकाम्या भागात दमट हवेचं पाणी धरतं. अशा टाकीवर नवा फिल्टर फार काळ टिकत नाही. टाकी उतरवून धुवावी लागते. फीड पंपाकडून लाईन काढून टाकीच्या दिशेने हवा मारली की जाळीवरचा कचरा उडतो आणि गाडी चालते, पण तो कचरा टाकीतच असतो. शंभर-दोनशे किलोमीटरवर तो परत जाळीवर येऊन बसतो. घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरता उपाय म्हणून ठीक आहे.

हवा शोधायला सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे डिझेलला टिकणारा पारदर्शक पाईप, साधारण ३० सेंटिमीटर. पाण्याच्या लेव्हलचा पाईप इथे नको, तो गरम डिझेलने मऊ पडतो. मुख्य पंपाच्या आधीच्या लाईनमध्ये तो दोन क्लिपांनी बसवा, पंखा, बेल्ट आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा आणि इंजिन चालू करा. पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच, ते काम करताना शिरलेल्या हवेचे. त्यानंतरही स्लोवर सतत बुडबुडे येत राहिले तर फट आहे. स्लोवर स्वच्छ आणि रेस दिल्यावरच बुडबुडे, तर अजून कुठेतरी चोक शिल्लक आहे. बुडबुडे नाहीत पण रेसला रबरी पाईप चपटा होतोय, तर चोकच. पाईपचा आतला थर सुटून झडपेसारखा मिटण्याचा प्रकारही असतो. बाहेरून असा पाईप नवा दिसतो, त्यामुळे बोटांनी दाबून आणि टोक कापून आत बघा.

फट टाकीकडे आहे की इंजिनाकडे, हे कॅनने ठरवता येतं. स्वच्छ पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, फीड पंपाचा ओढपाईप टाकीच्या लाईनवरून काढून नव्या पाईपने कॅनमध्ये सोडा. दोष गेला तर टाकी ते फीड पंप या पट्ट्यात शोधा: ओढपाईप, चॅसिसच्या क्लँपखाली घासलेली लोखंडी लाईन, रबरी जोड. दोष राहिला तर फीड पंप, प्रायमरची (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) ओ-रिंग, फिल्टर हेड आणि बँजो बोल्टचे (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बघा. हे वायसर एकदा दाबले गेले की परत नीट बसत नाहीत. प्रत्येक वेळी नवे घाला, किंमत किरकोळ आहे. कॅन जमिनीवर, गाडी उभी असतानाच वापरायचा. बॉनेटला बाटली टांगून किंवा केबिनमध्ये कॅन ठेवून पाईप बाहेर काढून गाडी चालवणारे रस्त्यावर दिसतात. भारतीय डिझेलची फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त तापमान असतं.

पानाही न लागणारी एक तपासणी आहे. रात्री गाडी उतारावर अशी लावा की तोंड खाली आणि टाकी इंजिनापेक्षा वर राहील. चाकांना दगड लावा. रोज सकाळी छळणारी गाडी त्या सकाळी लगेच चालू झाली, तर लाईन रात्री रिकामी होत होती हे पक्कं. त्याच वेळी गाडीखाली बघा, कारण आता ती फट डिझेल ठिबकवत असेल आणि जागा स्वतःच दाखवेल. फीड पंपातली नॉन-रिटर्न झडप गेली तरीही लाईन रिकामी होते, पण तेव्हा खाली काही ठिबकत नाही.

टाकीत कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब देऊन लीकेज शोधायचा मोह टाळा. टायरची हवा पाच-सहा बारने येते, टाकी त्यासाठी बनलेली नाही. शिवण उसवते.

दुरुस्तीनंतर एअर काढायची ती टाकीकडून पंपाकडे, याच क्रमाने. दोन बाऊलचा (भांड्यांचा) फिल्टर असेल तर आधी पहिल्या बाऊलचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) दीड-दोन आटे सैल करा, प्रायमर मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच घट्ट करा. मग दुसरा बाऊल, मग पंपावरचा स्क्रू. गाडी तरीही चालू झाली नाही तर फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझल पाईपांचे नट नोझलच्या टोकाला अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारायचा, थेंब आले की घट्ट करायचे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. प्रायमर हाताला पोकळ लागत असेल तर ओढीत अजून हवा आहे. वर ओढायलाच जड जात असेल तर मागे चोक आहे, आणि दाबायला जड असेल तर पुढचा फिल्टर बुजला आहे.

धोक्याच्या दृष्टीनेही दोन्ही दोष सारखे नाहीत. ओढीच्या बाजूची फट सहसा आग लावत नाही. ती इंजिन बंद पाडते, आणि बहुतेक पिकअपमध्ये व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालत असल्याने ब्रेकचा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) एक-दोन वेळा पाय दाबण्यापुरताच साथ देतो. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. घाट उतरताना असं झालं तर पेडल पंप करू नका. एकदाच जोरात दाबून धरा, गिअरमध्येच राहा, हँडब्रेक ओढा.

आग लागते ती दाबाच्या बाजूने. फिल्टर हेड, नोझल पाईपचा नट आणि नोझलवरचे बारीक रिटर्न पाईप, हे तीन भाग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळ असतात. चढावर मॅनिफोल्डचं तापमान डिझेल आपोआप पेट घेण्याच्या मर्यादेच्या सहज वर जातं. म्हणून रिटर्न पाईप ओला दिसला की 'थोडंसंच आहे' म्हणून चालवू नका. तारेने आवळलेला पाईप किंवा टाकीला लावलेला एम-सील हा रात्रीपुरता उपाय. टाकीला वेल्डिंग तर ती 'रिकामी' आहे म्हणून कधीही करू नये, कारण रिकाम्या टाकीतली वाफ आणि हवेचं मिश्रणच स्फोट घडवतं. केबिनमध्ये एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारलं तर आग पसरते.

हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी. बोलेरो पिकअपच्या एमटूडीआयसीआरसारख्या कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या) इंजिनात टाकी ते फिल्टर हीच तपासणी चालते, पण उच्च दाबाच्या पंपापासून पुढचा एकही नट इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना सैल करायचा नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि सुईएवढी धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. या इंजिनात हवा फिल्टरवरच्या प्रायमरने काढायची, बाकीची ते स्वतः रिटर्नमधून बाहेर टाकतं. लीकेज शोधायला हात फिरवू नका. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून बघा, आणि हात लावण्याआधी इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा.