आखडलेला हात आणि मालिश

अंगावरून वारं गेलेल्या माणसाचा हात घरचे लोक मोठ्या आशेने तेल लावून चोळतात. हात फिरवणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, की बिघाड हातात झालेला नाही. मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तिथल्या पेशी मरतात. त्या पेशी मालिशीने परत येत नाहीत.

मग सुरुवातीला लुळा असलेला हात पुढे ताठ का होतो? स्नायू ताणला की तो आपोआप आकसतो, ही मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. एरवी मेंदू तिला लगाम घालतो. पक्षाघातात तो लगाम सुटतो. कोपर वाकतं, मूठ आवळली जाते. स्नायू मळला जात असताना ही क्रिया मंदावते, असं निरोगी माणसांवरच्या मोजमापांत दिसलं आहे. मात्र मळणं थांबलं की परिणाम लगेच ओसरतो. म्हणून निव्वळ मालिशीवर हात सैल राहील, अशी अपेक्षा मी कुणाला ठेवू देणार नाही.

दुखणं आणि धास्ती यांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. हाँगकाँगमध्ये 102 वयस्क रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात सलग सात संध्याकाळी दहा-दहा मिनिटं पाठीवरून संथ हात फिरवला, तेव्हा खांद्याचं दुखणं आणि चिंता दोन्ही कमी झाली. आपल्या त्वचेत हळुवार स्पर्शासाठीच वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर इतक्या धीम्या गतीने हात फिरला की ते सर्वाधिक जागे होतात. घाईने रगडण्यात हा लाभ नाही.

दुखणं कमी झालं की रुग्ण व्यायामाला तयार होतो, आणि खरं काम तिथे होतं. रुग्ण स्वतः तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो, तेव्हा मेंदूचे शाबूत भाग ती नव्याने शिकतात.

पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखू लागली, तर तिला हातही लावू नका, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि जीवावर बेतू शकतं. मान दाबू नये. लुळा खांदा सांध्यातून खाली सरकलेला असू शकतो, म्हणून दंड ओढू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हात हलका ठेवावा. आणि तेल कोमट आहे का, हे आधी आपल्या मनगटावर पाहावं. त्या बाजूला चटका बसला तरी रुग्णाला कळेलच असं नाही.