शेणखत घातलं, तरी पालक पिवळा का?

डिसेंबरात नाशिकजवळच्या मखमलाबादला मावसभावाच्या मळ्यात गेलो होतो. पालकाचे चार वाफे आणि चारही पिवळे. "ट्रॉलीभर शेणखत टाकलं, युरियाचा दाणा नाही वापरला, मग असं कसं?" तो विचारत होता. बांधावर उरलेला ढीग उकरला. शेणापेक्षा गव्हाचं काडच जास्त, तेही जसंच्या तसं.

शेणखत म्हणजे पिकाचं आयतं जेवण, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पान हिरवं राहायला नत्र (नायट्रोजन) लागतं आणि पालकाची मुळं ते घेतात मुख्यतः नायट्रेटच्या आणि काही प्रमाणात अमोनियमच्या रूपात. खतातलं बरंचसं नत्र प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंत अडकलेलं असतं. मातीतले जिवाणू आणि बुरशी ते फोडून अमोनियम मोकळं करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. युरियाचंही शेवटी नायट्रेटच होतं. मुळांना दोन्ही सारखेच, फरक पडतो तो वेळेचा.

मला सगळ्यात भावतो तो यातला हिशेब. जिवाणूंनाही स्वतःचं शरीर बांधायचं असतं आणि त्यांच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बामागे (कार्बनमागे) १ भाग नत्र लागतं. आता १०० किलो गव्हाचं काड घ्या. त्यात कर्ब सुमारे ४० किलो, नत्र जेमतेम अर्धा किलो. म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर ८०:१. खाल्लेल्या कर्बातला ढोबळमानाने दोन तृतीयांश श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, अंगी लागतो १३ किलो. त्याला ८ ने भागा: नत्र हवं १.६ किलो. काडात आहे अर्धा. उरलेलं १.१ किलो जिवाणू मातीतून उचलतात, म्हणजे जवळजवळ अडीच किलो युरियात असतं तेवढं! या ओढाताणीत पालकाची मुळं हरतात, कारण जिवाणू अफाट संख्येने असतात आणि मातीच्या कणाकणाला चिकटलेले असतात.

हाच हिशेब उलटा केला की २४:१ हा आकडा येतो: कर्बाचा तिसरा हिस्साच अंगी लागतो, म्हणून ८ ची तिप्पट. गुणोत्तर त्याहून कमी असेल तर जिवाणूंचं भागून नत्र उरतं आणि ते पिकाला मिळतं. चांगलं कुजलेलं शेणखत २० च्या आसपास, गांडूळखत त्याहूनही खाली, आणि ७ टक्के नत्र असलेली भुईमुगाची पेंड तर फारच खाली.

त्यात नाशिकची थंडी. तापमान १० अंशांनी उतरलं की जिवाणूंचं काम साधारण निम्म्यावर येतं. द्राक्षवेलीला वाट पाहायला महिने असतात, पालक मात्र महिना-सव्वा महिन्यात कापणीला येतो.

देशी गाईच्या शेण-गोमूत्राचं आंबवलेलं जीवामृत दिलं की दुसरं खत लागतच नाही, असं सांगितलं जातं. इथे त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. एकरी २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, तेवढंच गोमूत्र आणि २ किलो बेसन धरलं, तर सगळं मिळून नत्र पाव किलोच्या आतबाहेर भरतं. एक टन पालक शेतातून साडेतीन-चार किलो नत्र घेऊन जातो. गाय देशी असली म्हणून हे गणित बदलत नाही. नत्र कुठून तरी यावंच लागतं, आणि चमत्काराच्या नावाखाली शेतकऱ्याला हे न सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून सेंद्रिय खत सोडायचं का? मुळीच नाही. आपली काळी माती चिकणमातीची. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. बुरशीचे तंतू आणि जिवाणूंचा चिकट स्राव तिचे कण बांधून रवाळ करतात. मग पाणी मुरतं, हवा खेळते, कोवळी मुळं सहज पसरतात. युरिया हे काम करू शकत नाही.

भावाला म्हटलं, पुढच्या वेळी खत पेरणीआधी तीन-चार आठवडे मिसळ. हाताला काड लागता कामा नये आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यायला हवा. तूर्त वाफ्यांना पेंड भिजवून दिली. मार्चमध्ये त्याने त्याच वाफ्यांत नवं खत न घालता कोथिंबीर टाकली. काड संपलं होतं, उपाशी जिवाणू मरत होते आणि त्यांच्या शरीरातलं नत्र मातीत परत येत होतं. कोथिंबीर गर्द हिरवी आली.