रंगीत दरीचे पट्टे म्हणजे काळाचे थर नव्हेत

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात शर्म अल-शेख, दहाब किंवा नुवेबा येथे प्रवाळ पाहण्यासाठी गेलेले पर्यटक एखादा दिवस नुवेबाजवळच्या वाळवंटातील रंगीत दरीसाठी राखून ठेवतात. तिच्या भिंतींवरील लाल, पिवळा, जांभळा असा प्रत्येक पट्टा म्हणजे एकेक युग, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. वालुकाश्माचे थर वाळू साचत गेली तसे एकावर एक तयार झाले हे खरे, परंतु त्यांतील बरेचसे रंग नंतर खडकात मुरलेल्या भूजलाने दिलेले आहेत. म्हणूनच अनेक ठिकाणी रंगांची वळणे मूळ थरांना आडवी छेदून जातात.

रंग देणारा मुख्य घटक लोह. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात द्विसंयुजी (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) लोह विरघळून वाहत राहते. ऑक्सिजन मिळताच ते आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून त्रिसंयुजी होते, जवळजवळ अविद्राव्य बनते आणि लाल हेमॅटाइट किंवा पिवळसर गोएथाइट ही खनिजे होऊन वाळूच्या कणांवर बसते. मग सलग डाग न पडता पट्टे का उमटावेत? स्फटिकाचे पहिले केंद्रक, म्हणजे ज्याभोवती तो वाढतो तो सूक्ष्म कण, तयार होण्यासाठी द्रावण अतिसंपृक्त व्हावे लागते, म्हणजे त्यात एरवी विरघळून राहील त्याहून जास्त पदार्थ असावा लागतो. एकदा केंद्रके तयार झाली, की ती आसपासचे लोह खेचून घेतात आणि लगतच्या भागातील लोहाची संहती (पाण्यातील प्रमाण) इतकी घटते की तेथे नवे केंद्रक जन्मूच शकत नाही. विसरणामुळे, म्हणजे कण दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरत गेल्यामुळे, ऑक्सिजनची सीमा हा रिकामा भाग ओलांडून पुढे गेली, की संहती पुन्हा मर्यादेपलीकडे जाते आणि पुढचा पट्टा उमटतो. लिझेगांग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९६ साली पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब ठेवून अशीच वलये मिळवली होती. आदर्श स्थितीत, सुरुवातीच्या बिंदूपासून मोजलेल्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांच्या अंतरांचे गुणोत्तर जवळपास स्थिर राहते, म्हणजेच पट्टे क्रमाने विरळ होत जातात. खडकात भेगा आणि वाळूची सच्छिद्रता हा हिशेब बिघडवतात. तरीही कोणत्याही बाह्य ठशाविना, केवळ विसरण आणि अवक्षेपण (विरघळलेला पदार्थ घन होऊन बाहेर पडणे) यांच्या स्पर्धेतून अशी शिस्त निर्माण व्हावी, यासारखे सुंदर रसायनशास्त्र मला क्वचितच भेटले आहे.

सहाव्या शतकात बांधलेल्या सेंट कॅथरिन मठाच्या परिसरातील खडकांवर झुडपासारखी काळी नक्षी दिसते. बायबलमधील संदेष्टा मोशे याला दिसलेल्या जळत्या झुडपाचा तो ठसा होय, असे भाविक मानत आले आहेत. प्रत्यक्षात ती भेगांत शिरलेल्या पाण्याने सोडलेली मँगनीजची ऑक्साइडे असतात: वाढणाऱ्या टोकाला सर्वाधिक आयन मिळत असल्यामुळे टोके पुढे सरकतात आणि फांद्या फुटतात. तिथे ना वनस्पती होती, ना चमत्कार. अशा दगडांना दैवी शक्ती चिकटवून विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

पश्चिमेकडील सराबित अल-खादिम येथे पाण्याने वालुकाश्मात तांबे, ॲल्युमिनियम व फॉस्फेट यांपासून फिरोजा घडवला. त्यासाठी प्राचीन इजिप्शियनांनी खाणी खोदल्या आणि तिथेच हाथोर देवीचे मंदिर उभारले. तेथील शिलालेख १९०५ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना सापडले. त्यांतील चिन्हांमध्ये आद्य वर्णमालेची सुरुवात दिसते, असे बहुतेक अभ्यासक मानतात.