पिट्सबर्गचा क्लेमेंटे अवॉर्ड: ज्याला आठव्या नंबरवर ठेवलं त्याचंच नाव

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमला रोज कव्हर करणारे पत्रकार दरवर्षी मतदान करून टीममधला सगळ्यात मोलाचा प्लेयर निवडतात, त्या अवॉर्डला नाव आहे याच टीमचा जुना प्लेयर रोबर्तो क्लेमेंटे याचं. (समाजकार्यासाठी अख्ख्या मेजर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेतून, एकाला मिळतो तो क्लेमेंटे अवॉर्ड वेगळा, दोघांची कायम गल्लत होते.) नाव वाचून वाटतं की पत्रकारांचं आणि त्याचं फार जमत असणार, पण तसं अजिबात नव्हतं.

मुळात हे पत्रकार एकत्र आले ते अवॉर्ड द्यायला नाही, धड बसायला जागा मिळेना म्हणून. 1908 च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे मेजर लीगच्या फायनलला, शिकागोत त्यांना पार मागच्या रांगेत टाकलं, डेट्रॉइटला तर शिडीने छपरावर चढून पावसापाण्यात बातम्या लिहायला लागल्या, मग सगळे वैतागले आणि तिथेच डेट्रॉइटमध्ये संघटना काढली. शहराशहरात तिच्या शाखा झाल्या आणि 1931 पासून मेजर लीगच्या दोन्ही लीगचे एमव्हीपी (वर्षातला सगळ्यात मोलाचा प्लेयर) हीच संघटना निवडायला लागली. म्हणजे जागेसाठी भांडणाऱ्यांच्या हातात प्लेयरची इज्जत ठरवायची ताकद आली, हे मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, काळा, मातृभाषा स्पॅनिश, पायरेट्सकडे आला 1955 ला. पेपरवाले त्याचं रोबर्तो सोडून परस्पर बॉब करून टाकायचे, आणि तो इंग्लिश बोलला की उच्चारासकट छापायचे, तो 'हिट' म्हणाला की पेपरात 'हीट'. गावाकडच्या पोराचं इंग्लिश ऐकून आपल्याकडे हसतात ना, तसंच, फक्त इथे ते लाखो लोकांसमोर. त्याला हे फार लागायचं आणि लागणारच.

त्यात आलं 1960. पायरेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले, क्लेमेंटेने फायनलच्या सातही मॅचमध्ये हिट मारली (बॉल मारून बेसपर्यंत पोचला), सीझनमध्ये .314 ची ॲव्हरेज (बॅटिंगच्या दर हजार संधींना 314 हिट) आणि 94 रन्स बॅटेड इन, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे टीमला मिळालेले रन्स, ते टीममध्ये सगळ्यात जास्त. एमव्हीपीचं मतदान झालं तर पहिला त्याच्याच टीमचा कॅप्टन डिक ग्रोट, दुसरा त्याच्याच टीमचा डॉन होक, आणि क्लेमेंटे आठवा! ग्रोट .325 मारून बॅटिंगमध्ये लीगमध्ये पहिला आला होता, त्यामुळे त्याचा नंबर समजू शकतो, पण आठवा? क्लेमेंटे पुढे कित्येक वर्षं हे बोलून दाखवायचा.

1966 ला शेवटी तो एमव्हीपी झाला. 1971 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये .414 मारले तेव्हा सगळा देश बघत होता. 30 सप्टेंबर 1972 ला 3000 वी हिट, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं, तो त्यात होता. वय 38.

हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या महान प्लेयर्सच्या मानाच्या यादीसाठी, खेळणं थांबल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम असतो, त्याच्यासाठी तो बाजूला ठेवला गेला आणि पत्रकारांनी 1973 मध्ये खास मतदान घेतलं, 424 पैकी 393 मतं मिळाली. याच संघटनेची पिट्सबर्ग शाखा आज त्याच्या नावाने टीमचा अवॉर्ड देते, पायरेट्सचा प्लेयर अँड्र्यू मॅककचनने तो अनेकदा घेतलाय.

शाखेचे अजून दोन अवॉर्ड आहेत. पिचरसाठीच्या (बॉल टाकणाऱ्या प्लेयरसाठीच्या) अवॉर्डला स्टीव्ह ब्लासचं नाव आहे, 1971 च्या वर्ल्ड सिरीजची सातवी, निर्णायक मॅच जिंकून देणारा तोच. दुसरा 1979 ला टीमला चॅम्पियन करणाऱ्या मॅनेजर चक टॅनरच्या नावाने, पत्रकारांशी सगळ्यात जास्त सहकार्य करणाऱ्या प्लेयरला. 1960 नंतरचा क्लेमेंटे त्या दुसऱ्या अवॉर्डात बसला नसता, आणि मला त्यात त्याची काही चूक दिसत नाही.